गढी आणि मॅनर हाउस : पारोळ्याच्या निमित्ताने एक तौलनिक टिपण

इंग्लंडमधील मध्ययुगीन जमीनदाराच्या निवासवास्तूस मॅनर हाउस म्हणतात. मराठीत तिला 'वाडा' हा प्रतिशब्द सहज सुचतो. तथापि तो अपुरा आहे. वाडा सावकाराचाही असू शकतो. मॅनर हाउसमागे मात्र जमिनीचा महसूल आणि कुळांवरील अधिकार उभा असे, आणि मॅनरचे न्यायालय बहुधा तिच्याच मुख्य दालनात भरे. या अर्थाने खानदेशातील तिचे सगोत्र रूप म्हणजे वतनदार-जहागीरदारांची गढी होय.

जळगाव जिल्ह्यातील पारोळा येथील भुईकोट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी तो इ. स. 1727 मध्ये बांधला. तट, बुरूज व खंदक यांमुळे त्याची गणना किल्ल्यांत झाली आणि तेथेच अभ्यासाची दिशा चुकली, असे म्हणावे लागते. किल्ला म्हटले की लढाया मोजल्या जातात. स्वयंपाकघर कोठे होते, धान्य कोठे साठवत, फिर्यादी कोठे थांबत, हे कोणी विचारत नाही. वस्तुतः हे एका महसूलधारक घराण्याचे संरक्षित घर होते. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली. आज तट-बुरूज दिसतात, आतील निवास मात्र भग्न आहे.

श्रॉपशायरमधील स्टोकसे येथे याच्या नेमके उलट घडले. लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो यास 1291 मध्ये आपल्या घरास तटबंदी करण्याचा राजपरवाना मिळाला. सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर तट पाडला गेला. पण घर राखले गेले. पुढे शेतकरी कुळांनी त्याच भव्य दालनाचा कोठार म्हणून वापर केला आणि 1869 मध्ये ते विकत घेणाऱ्या जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट याने त्याची डागडुजी केली. दालनाचे लाकडी छत टिकले ते काही अंशी या कोठारामुळे, हे सौंदर्यवाद्यांस रुचणारे नसले तरी खरे आहे.

दोन्ही परंपरांची अंतर्रचना मात्र भिन्न आहे. मॅनर हाउसचा गाभा म्हणजे छताखालील दालन. मध्यभागी चूल आणि धूर छपरातून बाहेर. गढीचा गाभा म्हणजे उघडा चौक. देवडी, चौक, ओसरी, माजघर असा क्रम माणसास त्याच्या दर्जाप्रमाणे थांबवतो. कोण कोठपर्यंत येईल हे भिंतीच ठरवतात. थंडीचा देश अग्नीभोवती जमतो, उन्हाचा देश सावलीच्या कडेने बसतो. खानदेशात जाड मातीच्या भिंती व धाब्याचे छत यांनी उन्हाळा सुसह्य केला. पण धाबे दरवर्षी माती मागते. छत उतरले की भिंत काही पावसाळ्यांतच विरघळते.

म्हणूनच वतनांचा अंत येथे अधिक घातक ठरला. परगणा व कुलकर्णी वतने मुंबई राज्यात 1951 मध्ये संपुष्टात आली. देखभालीचा आर्थिक आधार गेला आणि वारसांची पांगापांग झाली. इंग्लंडमध्येही वारसाकरामुळे अनेक घरे पाडली गेली. तथापि तेथे नॅशनल ट्रस्टने 1930 च्या दशकातच त्यांसाठी योजना आखली, आणि नष्ट झालेल्या घरांचे प्रदर्शन 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले. गढ्यांच्या वाट्यास असे काही आले नाही. सागवानी खांब विकले गेले. उरलेल्या ढिगाऱ्याची पांढरी माती ग्रामस्थ आपल्या धाब्यांवर टाकण्यासाठी खणून नेत राहिले.