'एससी, एसटी क्षमस्व'

माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. बँकेत नोकरी करतो, चळवळीच्या सभांना येतो. मोबाईल पुढे धरून म्हणाला, "सर, एवढं वाचा." विवाह जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर एका मुलीच्या माहितीखाली लिहिले होते : 'जातीची अट नाही. एससी, एसटी क्षमस्व.'

मी आजवर कथा-कवितांची समीक्षा केली. आज या दोन वाक्यांची करतो.

पहिले वाक्य आधुनिकतेचे, दुसरे मनूचे. पहिल्यातील 'जात' या शब्दाचा अर्थ दुसऱ्यात उघडा पडतो. ही 'जात' म्हणजे सवर्णांचे आपापसांतले भेद. आम्ही त्या हिशेबातच नाही. आणि 'क्षमस्व'! गावच्या पाटलाची शिवी निदान शिवी म्हणून अंगावर येत होती. येथे संस्कृत शब्दाने हात जोडून दार लावले आहे.

असा मजकूर वर्तमानपत्रांतही छापून येत असे. मग संगणकाने नवे काय केले? छापील जाहिरात चारचौघांसमोर असे, तिच्याशी भांडता येई. संकेतस्थळावर जात हा एक रकाना आहे. हव्या त्या जातीवर खूण केली की बाकीची माणसे पडद्यावर येतच नाहीत. नाकारणाऱ्याला नाकारल्याची लाज नाही, नाकारलेल्याला त्याची खबर नाही. पुढे तर जातवार स्वतंत्र संकेतस्थळेच निघाली. मध्यस्थाला जे काम वर्षभर पुरे, ते आता क्षणात होते. यंत्र नवे, चाळणी जुनीच.

प्रेमाची संकेतस्थळे वेगळी, असे तरुण म्हणतात. २०१२ साली 'टिंडर' निघाले; तेथे घरच्यांची परवानगी लागत नाही, मुलामुलींनी थेट बोलावे. हा लाभ मी क्षुल्लक मानत नाही. २०१४ साली खर्डा येथे सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून आमच्या एका शाळकरी पोराचा खून झाला आणि २०१७ मध्ये खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. ज्या समाजात बोलणे प्राणावर बेतते, तेथे बोलायला एक खाजगी जागा मिळणे ही मोठीच गोष्ट. मुलींना मात्र तीही निर्भय नाही. फोटो कोणाच्या हाती पडेल, ही धास्ती त्यांच्या सोबत असते.

पण माझ्या विद्यार्थ्याचा अनुभव ऐका. चार दिवस एका मुलीशी गप्पा रंगल्या. पाचव्या दिवशी तिने पूर्ण नाव विचारले. त्याने आडनाव लिहिले. त्यानंतर उत्तर नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील (२०१३) जब्याला शालूशी बोलताच येत नाही. आज बोलता येते; आडनावापर्यंत.

याचे कारण यंत्रात शोधू नये. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडले. १९३६ साली त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. पण शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा ढासळल्याशिवाय लोक तो स्वीकारणार नाहीत, असेही बजावले. श्रद्धा शाबूत ठेवून हाती मोबाईल दिला, तर मोबाईल जातीचीच चाकरी करणार.

आता आमच्याकडे वळू. मी त्याला विचारले, "तुझ्या बहिणीची माहिती संकेतस्थळावर कोणी भरली?"

"बाबांनी."

"पोटजातीच्या रकान्यात काय लिहिलं?"

तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, कारण माझ्या पुतणीच्या वेळी तो रकाना मीच भरला होता. १९५६ ला धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या वधू-वर याद्यांतही पोटजात अजून विचारली जाते. त्यांचे 'क्षमस्व' आम्हाला झोंबते. आमचे आम्ही उच्चारतही नाही, एवढाच फरक.

आमच्या साहित्याने गावकुसाबाहेरची भूक लिहिली, अपमान लिहिला. उत्तर न आलेल्या त्या पाचव्या दिवसाबद्दलही आता लिहिले पाहिजे. आणि लिहिण्याआधी आपल्या घरातला तो रकाना कोरा सोडला पाहिजे.