बारा जहाजं गेली, एक माणूस घरी आला

ओडिसी हे काव्य सुरू होतं तेच एका आरोपापासून. गोष्ट अजून सुरू व्हायचीय, एक वल्हं पाण्यात पडलेलं नाही, आणि होमर पहिल्या दहा ओळींतच निकाल देऊन मोकळा होतो. नायकानं सोबत्यांना वाचवायची शिकस्त केली, पण ते स्वतःच्या मूर्खपणानं मेले. का? तर त्यांनी सूर्यदेवाच्या गाई मारून खाल्ल्या.

गाई खाल्ल्या म्हणून मेले. हा गुन्हा आणि ही शिक्षा आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगायला नको.

पण आधी हिशेब करू. थोर काव्य म्हटलं की माणसं हात जोडतात आणि हिशेब राहून जातो. ट्रॉयची दहा वर्षांची लढाई संपवून ओडिसिअस बारा जहाजं घेऊन इथाका या आपल्या बेटाकडं निघाला. वाटेत पहिलं काम काय केलं? इस्मारस गाव लुटलं. पुरुष मारले, बाया आणि माल वाटून घेतला. तो म्हणत होता लगेच पळा, माणसांनी ऐकलं नाही, दारू पीत बसली. तिथं प्रत्येक जहाजामागं सहा म्हणजे बहात्तर माणसं गेली. हा दोष माणसांचा, कबूल. पुढं एकडोळ्या सायक्लॉप्सच्या गुहेत आणखी सहा गेली. तिथं मात्र माणसं म्हणत होती, चीज उचला आणि चला. हाच अडून बसला, घरमालक पाहुणचार काय देतो ते बघायला.

मग लेस्ट्रिगोनियन नावाच्या राक्षसांचं बंदर. अकरा जहाजं आत जाऊन उभी राहिली. ओडिसिअसनं स्वतःचं जहाज बाहेर, तोंडाशी बांधलं. आतल्या अकरांवर दगड पडले, माणसं माशांसारखी भोसकून नेली. यानं तलवारीनं आपला दोर कापला आणि निसटला. पुढं सर्सीच्या बेटावर तो उरलेल्यांच्या दोन टोळ्या करतो, एकीत बावीस, दुसरीत बावीस, दोघांवर एकेक म्होरक्या. म्हणजे एका जहाजावर शेहेचाळीस माणसं उरली होती. बाकीच्या अकरांवर तेवढीच धरली तरी पाचशेच्या वर माणूस त्या बंदरात मेला. त्यातल्या एकानंही सूर्याच्या गाईला हात लावलेला नाही. ती गाय अजून दोन सर्ग लांब आहे.

गाई खाल्ल्या त्या शेवटच्या जहाजावरच्या चाळीसच्या आतल्या माणसांनी. आणि कधी खाल्ल्या? महिनाभर वारा उलटा, शिधा संपलेला, मासे-पाखरं जे गळाला लागेल त्यावर दिवस काढून झालेले. युरिलोकस नावाचा सोबती म्हणतो, मरण सगळीच वाईट, पण उपाशी मरण्याइतकं वाईट दुसरं नाही. घरी पोचलो तर सूर्याला देऊळ बांधू, असा नवसही बोलतो. नायक त्या वेळी प्रार्थनेला गेला आणि तिथंच झोपला. देवाच्या साडेतीनशे गाई, साडेतीनशे मेंढरं, आणि समोर उपाशी माणसं. झ्यूसची वीज कुणावर पडली ते सांगायला नको.

म्हणजे जे चाळीस उपाशी होते त्यांच्या पापात पाचशेंचं मरण खपवलं. हा जमाखर्च ज्या मुनीमानं लिहिला तो मालकाचा माणूस आहे.

युरिलोकसवर मी लेख लिहू शकेन. हा एकटा माणूस उलटून बोलतो. सर्सीकडं परत जायला नको म्हणाला, याच्याच हट्टापायी गुहेत आपले सोबती मेले म्हणाला, तर ओडिसिअसच्या मनात आलं की तलवार काढावी आणि मुंडकं उडवावं, सोयरा असला तरी. इलियडमध्येही तेच. तिथं थर्सिटीस भर सभेत राजाला विचारतो, लूट तुझ्या तंबूत किती जाते आणि लढतो कोण? होमर त्याला फेंगडा, लंगडा, कुबडा, विरळ केसांचा असा रंगवून ठेवतो, आणि ओडिसिअस राजदंडानं त्याची पाठ सोलतो. ओडिसीत एओलसनं दिलेली वाऱ्याची थैली माणसं उघडतात तेव्हा त्यांचं म्हणणं थर्सिटीसचंच आहे. वाट तीच चाललो, तो ट्रॉयचा माल घेऊन चाललाय आणि आम्ही रिकाम्या हातानं. थैलीत वारा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं स्किला ही सहा तोंडांची राक्षसीण सहा माणसं उचलणार हे सर्सीनं याला आधीच सांगितलेलं. यानं वल्हेकऱ्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर वल्ही टाकून खाली लपतील ना.

सायरनांचं गाणं सगळ्यांना माहीत. वल्हेकऱ्यांच्या कानात मेण, नायक डोलकाठीला बांधलेला, तो ऐकतो, ते वल्हवतात. अॅडोर्नो आणि हॉर्कहायमर या दोन जर्मन विचारवंतांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात यावर बोट ठेवलंय. कला मालकाला, तीही हातपाय बांधून. कामगाराला फक्त काम. साळखात्यात आठ तास उभा राहणाऱ्याला याचा पुरावा लागत नाही. आमच्या कानात मेण घालावं लागत नाही, साचेच ते काम करतात.

आता घर. लोक याला दहा वर्षांचा प्रवास म्हणतात. त्यातलं एक वर्ष सर्सीकडं आणि सात वर्षं कॅलिप्सोकडं गेलं. घरी पेनेलोपी सासऱ्याचं कफन विणतेय. दिवसा विणायचं, रात्री मशाल लावून उसवायचं. तीन वर्षं तिनं असं लग्नाला टपलेल्या सरदारांना झुलवलं. बाई हुशार, वादच नाही. साच्यावरचा माणूस म्हणून एवढंच सांगतो, की दिवसभराचा आडवा धागा उभ्यातून न तोडता काढणं हे विणण्याइतकंच काम आहे. घरात पन्नास बायका राबताहेत, आणि त्यांना ते कळणार नाही? त्यांच्यातूनच बातमी फुटली. काव्य म्हणतं, फितूर. आपण विचारू, फितूर कुणाशी? त्यांना इमान ठेवायला सांगितलं कुणी, आणि कशाच्या बदल्यात?

कारण या बायका मोलकरणी नव्हत्या. विकत घेतलेल्या किंवा धरून आणलेल्या होत्या. म्हातारी युरिक्लीया वीस बैलांच्या मोलाची, ओडिसिअसच्या बापानं घेतलेली. इंग्रजीत कित्येक वर्षं या सगळ्यांना ‘मेड’ म्हणत आले. एमिली विल्सन या बाईंनी २०१७ मध्ये आपलं भाषांतर काढलं, त्यात त्यांनी सरळ गुलाम हा शब्द घातला. जुन्या पुरुष भाषांतरकारांनी फाशीच्या जागी ज्या रांडेच्या शिव्या घातल्या होत्या त्या मूळ ग्रीकमध्ये नाहीतच, हेही त्यांनी दाखवलं. आपण तरी ‘दासी’ कशाला म्हणायचं? दासी म्हटलं की राजवाडा, पंखा, फुलांची परडी डोळ्यांपुढं येते. मराठीत बटीक हा शब्द आहे. तो वापरा.

आणि एक गोष्ट साफ सांगतो, नाहीतर आपलेच मित्र घाई करतील. ही गुलामी म्हणजे जात नव्हे. डुकरं राखणारा युमेअस राजाचा पोरगा होता, लहानपणी फिनिशियन व्यापाऱ्यांनी पळवून विकला. आज राजा, उद्या गुलाम, असं तिथं होऊ शकत होतं. विटाळ नव्हता. पण उतरंड होती. या युमेअसनं स्वतःच्या कमाईतून आणखी एक गुलाम विकत घेतलाय, मेसॉलिअस नावाचा. गुलामीचा दिवस उजाडला की माणसाचं निम्मं मोल जातं असं बोलणारा हाच युमेअस. बाबासाहेबांच्या श्रेणीबद्ध विषमतेवर रात्री चर्चा करणाऱ्यांनी मेसॉलिअसच्या त्या चार ओळी वाचाव्यात. तो एक शब्द बोलत नाही. भाकऱ्या वाढतो.

विसाव्या सर्गात एक जागा आहे, तिच्यासाठी मी हे काव्य पुन्हा वाचतो. नायक भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्या घरात आलाय. पहाटे तो झ्यूसकडं शकुन मागतो. आभाळ गडगडतं. आणि दळणघरातून एक बाई बोलते. बाराजणी दळायला असतात, अकराजणी आपापलं दळण उरकून झोपल्या, ही सगळ्यांत अशक्त, हिचं संपलेलं नाही. आपल्याकडचं गोल फिरतं जातं तेव्हा तिथं नव्हतं. खालच्या दगडावर वरचा दगड दोन्ही हातांनी मागंपुढं रेटायचा, गुडघ्यावर बसून. ती म्हणते, देवा, या लोकांचं हे शेवटचं जेवण होऊ दे, यांचं पीठ दळता दळता माझे गुडघे गेले.

बस्स. बारा हजारांवर ओळींच्या काव्यात एवढी चिमूटभर जागा. तिला नाव नाही. होमर आंधळा होता म्हणतात, त्याचं खरंखोटं कुणी करावं. पण हे त्यानं ऐकलेलं आहे. पहाटेची दगडाची घरघर, एकटीच जागी असलेली बाई, हे राजवाड्यात बसून सुचत नाही. म्हणून मी हे काव्य जाळायच्या बाजूचा नाही.

पण पुढं काय होतं बघा. नायक खूश होतो. तिचे गुडघे त्याचा शकुन झाले! तिचा शाप त्यानं आपल्या कामाला लावला आणि त्याच दिवशी १०८ सरदार मारले. तिला काय मिळालं? काव्य सांगत नाही. तिचं दळण संपलं का, तेही नाही. माणसं तीच राहिली नाहीत, पण पीठ लागणारच की.

त्यानंतर हिशेब झाला बायकांचा. युरिक्लीया सांगते, पन्नासांतल्या बाराजणी सरदारांबरोबर निजत होत्या. त्या बाराजणींना बोलावून आधी मढी उचलायला लावली, टेबलं-खुर्च्या स्पंजानं धुवून घेतल्या. काम पुरं झाल्यावर मारलं. बापानं तलवार सांगितली होती. पोरगा टेलेमॅकस म्हणाला, इतकं स्वच्छ मरण यांना नको. जहाजाचा जाड दोर खांबाला बांधून अंगणातल्या गोल इमारतीभोवती उंच ताणला आणि जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या ओळीनं लटकवल्या. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, हेही होमर सांगतो. समुद्रावरच्या काव्यातला दोर शेवटी या कामाला आला. मार्गारेट अॅटवूड यांनी २००५ मध्ये या बाराजणींना आपल्या पुस्तकात बोलायला लावलं, तोवर जगातल्या किती वर्गांत हे पान गुपचूप उलटलं गेलं असेल!

आणि आता मुद्दा. सरदारांना मारण्याआधी ओडिसिअस त्यांच्यावर जे आरोप ठेवतो त्यात एक आहे, तुम्ही माझ्या घरातल्या बायकांना जबरदस्तीनं निजवलंत. जबरदस्तीनं! हा शब्द त्याचा, माझा नव्हे. टेलेमॅकसनंही बायकांना फरफटत नेतात हे पाहिलेलं आहे. बाविसाव्या सर्गाच्या सुरुवातीला जबरदस्ती, आणि त्याच सर्गाच्या शेवटी फास. एका सर्गात बळी गुन्हेगार झाला.

त्याच सर्गात फीमिअस आहे. हा गवई. सरदारांच्या पंगतीला रोज गायचा. तो नायकाचे गुडघे धरतो आणि म्हणतो, मी खुशीनं नाही गायलो, मला जबरदस्तीनं आणलं. कवीला मारलंस तर पुढं पस्तावशील. टेलेमॅकस साक्ष देतो, याचा दोष नाही. गवई सुटला. कारण तेच, जबरदस्ती. गवयाचं चाललं, बाराजणींचं चाललं नाही. त्यांना तर विचारलंच नाही. गवयानं गवयाला वाचवलं, मित्रांनो. गाणारा उद्या मालकाच्या कामाचा असतो, म्हणून त्याची जबरदस्ती खरी. आपण सगळे कविता लिहिणारे आहोत, सत्कार-पुरस्कारांच्या याद्यांत आपली नावं यायला लागलीत. फीमिअसची ती जागा नीट वाचून ठेवा.

फासावर गेलेल्या बाराजणींत असलीच पाहिजे अशी एकच नाव घेऊन सांगितलेली आहे, मेलँथो. जिभेची तिखट, भिकाऱ्याला घालूनपाडून बोललेली. लहानपणी पेनेलोपीनं तिला खेळणी देऊन वाढवली होती. तिचा भाऊ मेलँथिअस, शेळ्या राखणारा, सरदारांना हत्यारं पुरवली म्हणून त्याचं नाक, कान, हात, पाय कापले. दोघं डोलिअसची लेकरं. शेवटच्या सर्गात नायक बापाच्या मळ्यावर जातो, तेव्हा रानातून डोलिअस नावाचा एक म्हातारा गुलाम आपल्या पोरांसह जेवायला येतो. हा तोच का, यावर पंडितांत वाद आहे. नाव तेच, घर तेच, मालक तोच. म्हातारा धावत जाऊन ओडिसिअसच्या हाताचं चुंबन घेतो आणि विचारतो, मालकीणबाईंना कळलं का, की निरोप धाडू? ओडिसिअस म्हणतो, तिला माहीत आहे, तू कशाला तसदी घेतोस. डोलिअस बसतो. पोरं बसतात. जेवणं होतात. थोड्या वेळानं मेलेल्या सरदारांचे नातलग चाल करून येतात, तेव्हा पिकल्या केसांचा हा म्हातारा आणि त्याची सहा पोरं मालकासाठी हत्यारं चढवतात. मेलँथोचं आणि मेलँथिअसचं नाव त्या पंगतीत कुणी काढलेलं नाही.