अदृश्य सवंगडी आणि घराची स्मृती

एकटे खेळणारे मूल शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलू लागले, की घरातील वडीलधारे विचारतात, ‘कुणाशी बोलतोस रे?’ साहित्यविचाराच्या दृष्टीने हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मुलाच्या बोलण्याला श्रोता असतो. तो विचारणाऱ्याला दिसत नाही, इतकेच. ‘काल्पनिक मित्र’ ही संज्ञा अशा रीतीने न पाहणाऱ्याच्या बाजूने घडलेली आहे. पुढे मूल मोठे होते, सवंगड्याला विसरते. घर मात्र त्याची गोष्ट सणावारी, लग्नकार्यात सांगत राहते. म्हणूनच अभ्यासकाच्या हाती येते ती मुलाची आठवण की घराने रचलेली संहिता, हा प्रश्न आत्मचरित्राच्या समीक्षेला टाळता येत नाही.

बालमानसशास्त्रातील पुरावाही याच दिशेने जातो. झाँ पियाजे यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात प्रतीकात्मक खेळाची चर्चा करताना स्वतःच्या कन्येने कल्पिलेल्या सोबत्याची नोंद दिली आहे. तो सोबती आज अभ्यासकांना ठाऊक आहे, तो वडिलांच्या टिपणांमुळे. मार्जोरी टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना केव्हा ना केव्हा असा सोबती लाभलेला आढळला; त्यांपैकी काही सोबत्यांचा पालकांना पत्ताही नव्हता. ज्यांचा पत्ता घराला लागला नाही, ते कुटुंबाच्या स्मृतीत येणे शक्यच नाही. स्मृती समाजाच्या चौकटींतच उभी राहते, हा मोरिस हाल्बवाक्स यांचा १९२५ मधील सिद्धान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

तथापि, घर केवळ जतन करत नाही. ते निवाडाही करते. अनुपस्थिताशी बोलण्याचा कोणता प्रकार मान्य आणि कोणता हास्यास्पद, हे तेच ठरवते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या परिसरात हा निवाडा विशेष स्पष्टपणे पाहता येतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला येते आणि पुढे पंढरीची वाट धरते. या वाटेवरच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जाते फिरत असे, आणि दळणारी बाई दूरच्या भावाशी, आईशी, विठ्ठलाशी बोलत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत इंदापूर तालुक्यातील गायिकांच्या ओव्याही आहेत. अशा ओव्यांत विठ्ठल कधी पाहुणा म्हणून घरी येतो, कधी माहेरचा माणूस होतो. समोर कोणीही नसताना केलेले हे संबोधन कोणी ‘काल्पनिक’ म्हणत नाही. त्याला भक्ती म्हणतात, माया म्हणतात. जात्याशेजारी, क्वचित आईच्या मांडीवर, निजलेले मूल मात्र अनुपस्थिताशी बोलण्याचा पहिला पाठ तेथेच घेत असते. दिवसा त्याने तोच पाठ गिरवला, की त्याला विचारले जाते, ‘कुणाशी बोलतोस रे?’ बाईचे आणि बाळाचे बोलणे संबोधनाच्या रचनेत एकच आहे; भेद आहे तो मान्यतेचा.

हा भेद जिच्यात कथेचाच विषय होतो, अशी एक गोष्ट वारकरी परंपरेने जपली आहे. वडील घरी नसताना गोणाई लहानग्या नामदेवाला नैवेद्य घेऊन देवळात धाडते. देव जेवत नाही म्हणून मूल हट्ट धरते. अखेर देव जेवतो आणि रिकामे ताट घरी येते. घराला वाटते, पोरानेच खाल्ले. मग शहानिशा होते आणि मुलाचे म्हणणे खरे ठरते. नामदेवांच्या नावावर बालचरित्रपर अभंग आहेत. महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) मध्ये हे चरित्र आख्यानरूपात बांधले, तेव्हा नामदेवांना जाऊन चार शतके उलटली होती. ख्रिश्चन नोव्हेत्झ्के यांनी २००८ च्या ग्रंथात नामदेवांचा विचार सार्वजनिक स्मृतीच्या अंगाने केला आहे. त्याला जोडून असे म्हणता येईल, की या सार्वजनिक स्मृतीच्या गाभ्यात एक घरगुती खटला आहे: मूल सांगते, घर अविश्वास दाखवते, साक्ष काढली जाते.

डोनाल्ड विनिकट यांनी मुलाच्या जिव्हाळ्याच्या वस्तूविषयी एक अट सांगितली आहे: हे तू घडवलेस की तुला सापडले, हा प्रश्न मुलाला विचारायचाच नसतो. दामाशेटींच्या घराने तो विचारला. आख्यानाने घराला हरवून मुलाला जिंकवले. परंतु त्यासाठी देवाला साक्षीदारासमोर जेवावे लागले. म्हणजे मुलाचा शब्द आख्यानातही स्वबळावर टिकत नाही. तो टिकतो, कारण त्याचा सोबती घरानेच आधी मान्य केलेला आहे. ज्याचे नाव कोणत्याही देव्हाऱ्यात नाही, अशा सवंगड्याच्या बाजूने साक्ष देणारे आख्यान मात्र रचले जात नाही. त्याच्या वाट्याला येतो तो विनोदी किस्सा.

हा किस्साच मोठेपणी ‘माझी आठवण’ म्हणून आत्मकथनात उतरतो. तेथे निवेदक प्रथमपुरुषी असतो. दृष्टी मात्र दाराआडून ऐकणाऱ्या आईची, आजीची असते. मूल काय बोलत होते हे त्यात येते. त्याला काय उत्तर मिळत होते, हे बहुधा येत नाही. ही उणीव हीच अशा संहितेची खूण मानावयास हवी. ज्या आत्मकथनात सवंगड्याचे उत्तरही ऐकू येते, तेथे एक तर घराच्या आठवणीपलीकडचे काही शिल्लक राहिले आहे, किंवा लेखकाने पुढे ते नव्याने निर्माण केले आहे. या दोहोंतील निवड संहितेच्या तपशिलावरच करावी लागेल.

पिठाची गिरणी आल्यावर जात्यावरची पहाट संपली आणि ओवीही आता आठवून सांगण्याची गोष्ट झाली. संग्राहकाने विचारल्यावर ती पुन्हा गायली गेली, म्हणून टिकली. मुलाच्या सवंगड्याला असा संग्राहक क्वचितच लाभतो; त्याच्याविषयी घर विचारते ते हसण्यासाठी. या हसण्यात माया असते, हे खरेच. परंतु हसता हसता घर एका संवादाचा अर्धा भाग गाळून टाकते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.