सूक्ष्मप्रवाही साधने आणि अतिजलद अभिक्रियांचे मापन

अमरावती-अकोल्याच्या पदवी वर्गांस परिचित असलेले मिथाइल अ‍ॅसिटेटचे जलअपघटन घड्याळ लावून मोजता येते; मिलिसेकंदात संपणाऱ्या अभिक्रियेचे तसे नाही. हार्ट्रिज व रफ्टन यांनी १९२३ मध्ये काळ नळीतील अंतरावर मोजला. सूक्ष्मप्रवाही साधनांनी हेच तत्त्व केसाएवढ्या वाहिनीत आणले. मात्र तेथील प्रवाह स्तरीय असल्याने द्रव मुख्यतः विसरणानेच मिसळतात. साध्या सरळ वाहिनीत १०० मायक्रोमीटर रुंदीस त्याकरिता काही सेकंद लागतात. अशा वेळी मोजला जातो तो मिश्रणाचा वेग, अभिक्रियेचा नव्हे! किम व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मधील शोधनिबंधात नागमोडी वाहिनीद्वारे हा अडसर ओलांडून फ्राइज पुनर्रचनेपूर्वीच मध्यस्थ संयुग पकडले. संश्लेषण म्हणून हे यश निर्विवाद होय. तथापि केवळ उत्पादाच्या टक्केवारीवरून वेगस्थिरांक सिद्ध होत नाही, त्यासाठी मिश्रणकाळाचे स्वतंत्र मापन आवश्यक ठरते.