'आपले मदतनीस' आणि दहा ओळी

बहुतेक प्राथमिक शाळांच्या भिंतीवर 'आपले मदतनीस' नावाचा तक्ता टांगलेला असतो. पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, शेतकरी, सुतार, चांभार, सफाई कामगार. प्रत्येकाच्या हातात ज्याचे त्याचे अवजार आणि चेहऱ्यावर सारखेच हसू. हा तक्ता दाखवून मुलांना दहा ओळी लिहायला सांगितल्या की भाषा आणि परिसर अभ्यास हे दोन्ही विषय एकदमच साधले, असे आपण मानतो. आमचे म्हणणे असे, की यात दोन्हीही साधत नाहीत.

वह्या उघडून पाहाव्यात. पोस्टमन खाकी कपडे घालतो. तो पत्रे आणतो. तो आपल्याला मदत करतो. तो मला खूप आवडतो. पोस्टमनच्या जागी सुतार घातला, तर फक्त एक ओळ बदलावी लागते. शुद्धलेखन बरोबर असते, अक्षर वळणदार असते, आणि तरीही हे लेखन नव्हे, कारण लिहिणाऱ्याने त्यात काही ठरवलेलेच नाही. काय आधी सांगायचे, काय गाळायचे, कोणता शब्द नेमका बसतो, हे प्रश्नच त्याच्यापुढे आले नाहीत. ज्या बाई हे वाचणार, त्यांना पोस्टमन आधीच ठाऊक आहे. मग मूल सांगणार तरी कोणाला?

फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-सुर-लू या गावात 1920 साली सेलेस्तँ फ्रेने हा तरुण शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धात तो जबर जखमी झाला होता आणि सलग बोलून शिकवणे त्याला झेपत नसे. तो मुलांना घेऊन गावात फिरू लागला. विणकर, लोहार, सुतार यांच्यापुढे मुले थांबत. वर्गात परतल्यावर पाहिलेले फळ्यावर उतरवत आणि सगळी मिळून ते दुरुस्त करत. पुढे त्याने एक छोटे छपाई यंत्र आणले. मुले स्वतः खिळे जुळवून आपला मजकूर छापू लागली, आणि ती पाने ब्रिटनीमधल्या एका शाळेकडे जाऊ लागली. फ्रेनेचे नाव घेतले की आपल्याकडे त्या यंत्राचेच कौतुक फार होते. आम्हाला महत्त्वाची वाटते ती ब्रिटनीची शाळा. तिथल्या मुलांनी बार-सुर-लू पाहिलेले नव्हते. त्यांना समजेल असे लिहायचे, तर काही गृहीत धरून चालत नव्हते.

हे आपल्याकडे होईल का? चाळीस मुले, दोन-दोन इयत्ता एकत्र, त्यात सहलीची परवानगी, असे शिक्षक म्हणतील. अडचण खरी आहे. पण शाळेच्या फाटकासमोर पंक्चरवाला असतोच. अर्धा तास पुरतो.

तो काय करतो ते मुलांनी फक्त पाहावे. टायर सोडवून ट्यूब बाहेर काढतो, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. जिथून बुडबुडे येतात तिथे खूण करतो. पुसून, कोरडे करून घासतो, सोल्यूशन लावतो, आणि मग थांबतो. का थांबतो? सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळलेले रबर. द्रावक उडून गेला की राहिलेला थर ठिगळाला घट्ट धरतो. ठिगळ ठोकून बसवल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात. आणि चाक जोडण्यापूर्वी टायरच्या आतून जपून बोट फिरवतो. बाभळीचा काटा तिथेच राहिला असेल तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर.

आता हे लिहायला सांगा, आणि ज्यांनी पाहिले नाही अशा शेजारच्या वर्गाला वाचायला द्या. बोट फिरवायचे जो विसरला, त्याची चूक तांबड्या शाईशिवाय सापडते. 'आधी', 'मग', 'तोपर्यंत', 'नाहीतर' हे शब्द इथे व्याकरणाच्या तासासाठी येत नाहीत, त्यांच्यावाचून काम अडते म्हणून येतात. विज्ञानाचा तास वेगळा घ्यायची गरज उरत नाही, हे वर आणखी.

दुसरा आक्षेप त्या शीर्षकावरच आहे. 'मदत' हा शब्द गोड आहे, पण त्याने मजुरी झाकली जाते. सुतार मदत करत नाही. तो काम करतो आणि त्याचे पैसे घेतो, कधी ते बुडतातही. तक्त्यावरच्या काही चित्रांखाली तर व्यवसायाचे नाही, जातीचे नाव असते. त्या जातीचे मूल त्याच वर्गात बसलेले असते. सफाई कामगाराच्या मुलीला 'ते आपले मदतनीस आहेत' या वाक्यातल्या 'आपले'मध्ये आपण येतो की नाही, हे कसे कळावे? हाताने मैला साफ करवून घेण्याला बंदी करणारा कायदा 1993 मध्ये झाला, त्याहून कडक 2013 मध्ये. तक्त्यातला झाडूवाला मात्र हसतोच आहे. हातमोजे मिळतात का, सुट्टी असते का, हे प्रश्न मुले सहज विचारतील, जर आपण विचारू दिले तर. मात्र कोणत्याही मुलाला उभे करून 'तुझे वडील काय करतात ते सांग' असे म्हणू नये. सुरुवात माणसापासून न करता हत्यारापासून आणि कृतीपासून करावी. ज्याला घरचे सांगायचे असेल तो आपणहून सांगतो, आणि बहुधा त्या वेळी वर्गात सर्वांत जास्त शब्द त्याच्याकडेच असतात.

राहिला प्रश्न वाचकाचा. बदलीच्या निमित्ताने आपल्यापैकी प्रत्येकाची दुसऱ्या तालुक्यात ओळख असतेच. बीडकडच्या शाळेने ऊसतोडीचा कोयता कसा धरतात ते लिहावे, रत्नागिरीकडच्या शाळेने जाळे कसे विणतात ते. उत्तरात प्रश्न आले, म्हणजे 'मोळी केवढी असते?', 'गाठ कशी मारायची ते कळले नाही', की मुलांना तोच मजकूर पुन्हा लिहावा लागतो. दुसरा खर्डा मुले कुरकुर न करता लिहितात. 'सुधारून लिही' या शेऱ्यावर ती तसे लिहीत नाहीत, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.