शोभेची नौका आणि शर्यतीची नौका : ‘स्लो-मो-शन फोर’च्या प्रदर्शनी प्रतिकृतीची समीक्षा

प्रास्ताविक

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूचे लघुरूप, अशी व्याख्या सर्रास केली जाते. ही व्याख्या आकारापुरती खरी आहे. परंतु ज्या वस्तूचे सारे महत्त्व तिच्या गतीत आहे, तिचे लघुरूप स्थिर अवस्थेत मांडले असता नेमके काय उरते, हा प्रश्न त्या व्याख्येत येत नाही. प्रस्तुत लेखात ‘स्लो-मो-शन फोर’ या अमेरिकन शर्यती हायड्रोप्लेनच्या प्रदर्शनी प्रतिकृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. महाराष्ट्रात या वर्गातील नौकांची परंपरा नाही. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. मात्र त्या नौका हायड्रोप्लेन नव्हत्या. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही नौका भेटते ती बहुधा चित्रात वा प्रतिकृतीतच, आणि म्हणूनच प्रतिकृतीची चिकित्सा येथे अधिक निकडीची ठरते.

मूळ नौका

स्टॅनले सेअर्स यांच्या मालकीची ही लाकडी नौका टेड जोन्स यांनी आखली व अँकर जेन्सन यांनी सिअॅटल येथे बांधली. विमानाचे अॅलिसन इंजिन तिला बसविलेले होते. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर तिने ताशी १६०.३२३ मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेग नोंदविला. माल्कम कॅम्पबेल यांचा १९३९ मधील ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम त्यामुळे मोडला. १९५२ मध्ये तिने स्वतःचाच विक्रम मागे टाकून १७८.४९७ मैलांचा पल्ला गाठला. १९५०, १९५२ व १९५३ या वर्षांचा गोल्ड कप तिने जिंकला. एवढ्या वेगवान नौकेस ‘मंदगती’ अशा अर्थाचे नाव असावे, ही मालकाची थट्टाच म्हणावी लागेल.

या यशाचे कारण नौकेच्या तळाशी होते. साधी नौका पाणी कापत जाते. हायड्रोप्लेन वेग घेताच पाण्यावर उचलली जाते. पुढच्या भागात दोन्ही बाजूंस बसविलेल्या ‘स्पॉन्सन’ नावाच्या पुढे आलेल्या भागांच्या कडा आणि मागील टोक, एवढ्या तीनच ठिकाणी ती पाण्याला टेकते. ‘स्लो-मो-शन फोर’मध्ये मागचे टोकही उचलले जाई व तेथे केवळ अर्धा बुडालेला पंखा पाण्यात राही. तोच पंखा मागे पाण्याचा उंच फवारा उडवी. त्याला कोंबड्याच्या शेपटाची उपमा मिळाली. स्पॉन्सनांमधील पोकळीत कोंडलेली हवा नौकेला आधार देते, पण प्रमाणाबाहेर गेल्यास तीच हवा तिला उलथवते. १९५५ मध्ये सेअर्स यांचीच ‘स्लो-मो-शन फाइव्ह’ पात्रता-फेरीत हवेत उडून मागच्या बाजूने पूर्ण उलटी फिरली आणि चालक लू फेजोल जखमी झाले.

प्रतिकृतीचे स्वरूप

आता प्रतिकृतीकडे वळू. चकचकीत रोगण, नेटकी अक्षरे, खाली लाकडी बैठक. कारागिरी पुष्कळदा वाखाणण्यासारखी असते. तथापि बैठक तळाला झाकते आणि प्रेक्षकाची नजर वरच्या रंगावर खिळते. ज्या तीन बिंदूंवर विजय उभा होता, ते टेबलाकडे तोंड करून राहतात. सिअॅटलमध्ये हे उणेपण फारसे जाणवत नाही. तेथील पिढीने तलावाकाठी उभे राहून तो फवारा पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकला, आणि पुढच्या पिढीला तो घरात ऐकून ठाऊक आहे. प्रतिकृतीत जे नाही ते प्रेक्षकाची स्मृती भरून काढते. दुधनाकाठच्या परतूरला अशी स्मृती कोठून असणार? तेथे प्रतिकृती एक देखणा, टोकदार लाकडी तुकडा होऊन बसते.

याचा उलट प्रत्यय तिफणीच्या बाबतीत येतो. शहरी दिवाणखान्यातील छोटी तिफण पाहून मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरचा माणूस चाड्यावरची मूठ, नळ्यांतून घरंगळणारी ज्वारी आणि मातीत शिरणारे तीन फण क्षणात मनाशी जुळवतो; शहरातील यजमानास मात्र ती केवळ शोभेची वस्तू वाटते. तिफणही तीनच ठिकाणी जमिनीला भिडते आणि शोभेच्या मांडणीत नेमके तेच फण बैठकीत रुततात, हे साम्य गमतीचे असले तरी निरर्थक नाही. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने तिफणीला मागे सारले आहे. परतूर परिसरातील आजच्या विद्यार्थ्यालाही चाड्यावरची मूठ पाहायला मिळेलच असे नाही. म्हणजे जी अवस्था हायड्रोप्लेनच्या प्रतिकृतीची, ती तिफणीच्या प्रतिकृतीवर तिच्या स्वतःच्या मुलखात येऊ घातली आहे.

धावत्या प्रतिकृतीने हा प्रश्न सुटतो का? सिअॅटल परिसरात १:८ प्रमाणातील, रेडिओ-नियंत्रित हायड्रोप्लेनच्या शर्यती होतात व त्यांत फवाराही उडतो. परंतु येथेही भौतिकशास्त्राची अट आहे. फ्रूड यांच्या नियमानुसार १:८ प्रतिकृतीचे वजन मूळच्या ५१२व्या हिश्शाइतके हवे आणि वेग मूळच्या वेगास ८च्या वर्गमूळाने भागून येतो तेवढा. म्हणजे २५८ किलोमीटरच्या जागी सुमारे ९१. पाण्याचा पृष्ठताण मात्र प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे फवाऱ्याचे थेंब मूळ नौकेच्या मानाने मोठेच दिसतात. तरीही तळाचे कार्य ही प्रतिकृती दाखविते आणि काचेआडची प्रतिकृती ते दाखवीत नाही, हा भेद अध्यापनाच्या दृष्टीने लहान नव्हे.

महाविद्यालयीन विभागांतील कुलूपबंद कपाटे याच कसोटीवर तपासता येतील. प्रतिकृतीखाली आरसा बसविणे, तिला कललेल्या स्थितीत ठेवणे, शेजारी तळाचे रेखाचित्र लावणे यास फारसा खर्च येत नाही. सिअॅटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात मूळ ‘स्लो-मो-शन फोर’ छताला टांगलेली आहे. खालून जाणाऱ्यास प्रथम तिचा तळ दिसतो.