एलेनचे बलिदान

मुर्नाऊदिग्दर्शित ‘नोस्फेरातू’ (१९२२) या जर्मन मूकपटातील रक्तपिपासू काउंट ओर्लोकची लांब नखे भिववितात खरी. पण अधिक अस्वस्थ करते ते हुटरच्या घरातील पिशाचांविषयीचे पुस्तक. ते न वाचण्याचे वचन तो पत्नीकडून घेतो. एलेन ते वाचतेच! निष्पाप स्त्रीने पिशाचाला कोंबडा आरवेपर्यंत गुंतवून ठेवले, तरच त्याचा अंत होईल, हे तिला कळते. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) हे काम पुरुषमंडळी सुऱ्यांनी उरकतात. येथे एलेन पतीला डॉक्टरांकडे धाडते व स्वतः खिडकी उघडते. तिच्या निष्पापपणाचा हा गौरव मला तरी खटकतो. ज्या घरात तिच्याशी मोकळेपणाने बोलले गेले नाही, तेथे प्राण मात्र तिनेच द्यावयाचे! प्लेगने गांजलेले गाव तोवर एका वेड्याचा पाठलाग करण्यात गुंतलेले असते.